अर्धवट न्यायचं नसतं

आई, तुझं ऐकलं नाही ते बरंच केलं, एवढं तुला सांगायचं आहे.

गोवंडीची खोली सोडून आपण कांदिवलीला निघालो तो दिवस. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवतोय आणि तू माझ्यासाठी शिवायला घेतलेली गोधडी शेजारच्या मावशींच्या हातात देते आहेस. सुई अजून तिच्यात खोवलेली. "अर्धवट शिवलेलं नव्या घरात न्यायचं नसतं." मांजर, पाल, अमावस्या, सगळ्यांना तू हसायचीस, हे एवढं मात्र गावाहून सोबत आणलं होतंस. मी म्हटलं, मग पूर्ण करूनच निघू. "शहाणीच आहेस. तोवर टेम्पोवाल्याला चहा पाजत बसू का?" मी मावशींच्या हातातून गोधडी ओढून घेतली आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसले. कांदिवलीत ती माळ्यावर गेली.

आता मी अंधेरीत काम करते. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी कॉम्प्युटर चालतात. हात लावता येत नाहीत, पण लोकांची खरी कामं करतात. असा एखादा चालू कॉम्प्युटर न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याची त्या क्षणाची स्थिती साठवायची आणि पलीकडे जशीच्या तशी मांडायची. नवी आवृत्ती आली आणि काही कॉम्प्युटर पलीकडे पोचून गोठायला लागले. जुनी आवृत्ती चांगली, नवी बिघडलेली, म्हणून मी मधली तपासली, मग उरलेल्यातली मधली, असं करत एका बदलापाशी आले. कोणीतरी साफसफाई केली होती. डिस्ककडे जे मागितलं आणि अजून मिळालं नाही, त्याची नोंद साठवणं बंद केलं होतं. कॉम्प्युटर पलीकडे जाऊन उत्तराची वाट बघत बसायचा, आणि तिथे प्रश्न कोणाला माहीतच नव्हता.

आमचा टीम लीड म्हणाला, "अर्धवट काम न्यायचंच कशाला? आधी संपू दे, मग हलव. सोपं आहे ना यार."

तुझंच वाक्य, आई.

"जुना सर्व्हर मरायला टेकला असेल तर? म्हणून तर हलवतात. तिथे ते काम संपणारच नाही."

"उद्या रिलीज आहे. तुझ्यामुळे वाट लागली तर मी मध्ये पडणार नाही हां."

"नको पडूस."

वगळलेलं मी परत आत घेतलं. तपासून बघायला डिस्ककडून येणारं उत्तर मुद्दाम अडवलं आणि ते येण्याआधीच कॉम्प्युटर हलवला. पलीकडे तो जागा झाला, राहिलेलं काम तिथून पुढे करू लागला. पुन्हा हलवला. पुन्हा तेच. लीड मागे उभा होता. "झकास," म्हणाला, नाइलाजानं. रिलीजमध्ये माझीच दुरुस्ती गेली.

अर्धवट नेता येतं. नीट उचलावं लागतं, बस. तू चुकलीस, आणि तू असतीस तर हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं.

तू गेल्यावर मी गोधडी माळ्यावरून उतरवली. ती माझ्याबरोबर मुलुंडला गेली, आता घाटकोपरला आहे. हे पत्र तिच्याच घडीत ठेवणार आहे. टाका मला येतो. पण तू खोवलेली सुई तिथेच गंजली आहे, आणि ती काढायला माझा हात धजत नाही.