शिंपल्यांच्या पट्ट्यावर ओतले जाणारे गोडे पाणी थांबवण्याबाबत

प्रति,
मा. किनारा संरक्षण अधिकारी,
किनारा संरक्षण कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असते ती इमारत).

विषय : मदत म्हणून येणारा गोड्या पाण्याचा टँकर तातडीने बंद होणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचाच मागील अर्ज, ज्यामुळे टँकर सुरू झाला.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार जाळी दुरुस्त करणारा असून त्याची आई बंदराच्या भिंतीपलीकडील पट्ट्यावर शिंपल्या काढते. ओहोटीला छातीभर पाण्यात उभी राहून ती पायाच्या बोटांनी शिंपली ओळखते. अर्जदाराचे व त्याच्या भावाचे संसार याच पट्ट्यावर उभे राहिले आहेत.

१. समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना उरलेले दाट खारे पाणी ज्या पाइपमधून सोडतो, त्याचे तोंड नेमके या पट्ट्याशी आहे. हे पाणी जड असल्याने वर येत नाही, तळाशी बसते. अर्जदाराने बुडी मारून पाहिले असता ते तळाशी थरथरताना दिसले. तिथले गवत तपकिरी पडले आहे, तारामासे लुळे पडले आहेत. मासे शहाणे, त्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला. शिंपलीला तेवढे जमत नाही.

२. आपल्या पथकाने धक्क्यावरून बादली सोडून वरचे पाणी घेतले व "मेलेला मासा तरंगताना आढळला नाही" असा शेरा दिला. शिंपली मेली तरी तरंगत नाही, असे सांगितले असता पथकप्रमुख म्हणाले, "मग पंचनामा कशाचा करू?"

३. म्हणून मागील अर्जात "तळाचे पाणी फार खारट झाले आहे, उपाय व्हावा" असे लिहिले. आपण तत्परतेने उपाय केला, याबद्दल आभारी आहे. दर मंगळवारी टँकर येतो व भिंतीवरून गोडे पाणी समुद्रात ओततो. ते हलके असल्याने वरच राहते, तळाला पोहोचत नाही. शिवाय ते त्याच कारखान्यातून भरून आणतात, म्हणजे प्रत्येक टँकरपायी आणखी खारे पाणी आमच्याच पट्ट्यावर. चालकाला हात जोडले तर तो म्हणाला, "काका, मला पाणी ओतायचा हुकूम आहे, ऐकून घ्यायचा नाही." पुढच्या खेपेला पथकाच्या बादलीत पाणी कमी खारट भरले व प्रकरण "सुधारणा" म्हणून निकाली निघाले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली आहे.

४. कारखाना बंद करा, असे अर्जदार म्हणत नाही. म्हणणार कोणत्या तोंडाने? घरच्या नळाला पाणी तिथूनच येते. धाकट्या भावाच्या बायकोने बजावले आहे, "भाऊजी, अर्ज करा, पण नळाचं नाव काढू नका." इकडे आड, तिकडे विहीर. पाइपचे तोंड लांब, खोल पाण्यात न्यावे एवढेच कार्यालयात येऊन तोंडी मागितले होते, तेही खर्चाअभावी नामंजूर झाल्याचे आपल्या शिपायाकडून कळले.

५. आई अजून रोज ओहोटीला जाते. सापडणाऱ्या शिंपल्या उघड्या असतात, बोट लावले तरी मिटत नाहीत. "दमल्यात बिचाऱ्या, होतील बऱ्या," म्हणते आणि जिथली तिथे वाळूत परत रोवते. पाण्यात उभे राहून तिचे पाय सुजले आहेत. आम्ही सगळे सांगून थकलो. घरातल्या कोणाचे ती ऐकत नाही, सरकारी कागदावर मात्र तिचा विश्वास आहे.

सबब विनंती की, टँकर थांबवावा. आणि पाइप हलणारच नसेल, तर "पट्टा मेला आहे" असे कार्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावे. अर्जदार ते आईला वाचून दाखवील. त्याच्या स्वतःच्या तोंडून ते निघत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
जाळीवाला, शिंपलीवाल्या बाईंचा थोरला

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत : उघडी शिंपली, एक. (आईला न सांगता आणली आहे. काम झाल्यावर परत मिळावी.)