पट्टा आणि धुण्याचा दगड

३ मार्च, सकाळ
सगळ्यांत आधी टपकली ती शेजारीण. मोजणीवाले अजून गल्लीत शिरले नाहीत, तर ही पदर खोचून दारात. म्हणे, आजी, तुमचा हद्दीचा दगड दिसत नाही तो? म्हटलं, तू तुझं बघ बाई. हिचं घर म्हणजे चार पत्रे आणि कडी, बाकी प्लॉटवर गवत. आमच्या पक्क्या दोन खोल्या, वरच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या, आणि बाजूला माझं नवं किचन, टाइल्सचं! जागा सरकारची आहे, पण आज मोजणी झाली की पट्टा मिळणार. मग जागा आमच्या नावावर. किती दिवसांनी एवढा आनंद झालाय!

३ मार्च, संध्याकाळ
आले बाई मोजणीचे साहेब. साहेब कसले, शर्टाला बटण नाही. वाकून वाकून कोपऱ्यातला दगड शोधत होते. एवढे शिकले, पण विचारायची अक्कल नाही. शेवटी मीच कौतुकाने सांगितलं, अहो, तो नळापाशी आहे. किचनचा पाया खणताना मध्ये येत होता. गवंडी नको नको म्हणत होता, घाबरट मेला. मी उपटायला लावला. आता त्यावर धुणं धुते. वर आकडा कोरलाय ना, कॉलर काय स्वच्छ निघते! साहेबांनी लगेच वहीत लिहून घेतलं. माझी हुशारी बघून दुसरं काय करणार? सून मागून डोळे वटारत होती. तिला सासूचं कौतुक कुठलं बघवायला!

४ मार्च
आज शेजारणीच्या दगडापासून मोजलं. तिचा आपला गवतात जागच्या जागी. आळशी बाई, हलवणार कधी? साहेबांनी माझ्या टाइल्सवर खडूने रेघ ओढली, बरोबर दारातून. पुसायला गेले तर म्हणाले, आजी, हात लावू नका. किती जपतात! मुलगा डोकं धरून बसला. म्हणे, आई, अख्खं किचन तिच्या प्लॉटात गेलं. खुळा आहे. टाइल्स मी निवडल्या, किचन तिचं कसं?
ठरवलं, शेजारणीशी आजपासून एक शब्द बोलायचा नाही.

६ मार्च
बोलावं लागलं. विचारायलाच आली ना. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला. आजी, हा गळतो का हो? धूर बाहेर जातो ना? जन्मात टाइल्स पाहिल्या नाहीत बिचारीने! मी सगळं दाखवलं, खिडकीची कडी कशी लावायची तेसुद्धा. बाई नुसती जळत होती. जाताना म्हणते, धुण्याचा दगड मात्र तुम्हीच न्या हं आजी, मला नको.
माझाच दगड मला देते! मोठेपणा बघा.
साहेब मोठ्या साहेबांना घेऊन परत येणार आहेत. पट्टाच द्यायचा असणार. मंगळवारी म्हणालेत.