बेचाळीसातले अकरा मैल

ऑस्टरडाल, ११ फेब्रुवारी १९९४

चि. व्हर्लिन यास, आर्डिसताईचे अ. उ. आ.

सगळं क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? मंगळवारी लोर्ना बेकर गेली. इस्पितळात कामाला निघाली होती. बीटने भरलेला ट्रक मागे टाकायला निघालेली गाडी समोरून तिच्यावर आली. आपल्या बेचाळीस मैलांच्या दुपदरी महामार्गावरचा चार वर्षांतला हा सतरावा बळी.

चौपदरी करा म्हणून आमचा सात गावांचा संघ नऊ वर्षं ओरडतोय. चर्चच्या तळघरात लोकांना पॅनकेक खाऊ घालून चार हजार सह्या जमवल्या. राज्याचा निधी मात्र दरवर्षी राजधानीच्या बाह्यवळणाला! तू विधानसभेत रस्ते समितीवर बसून करतोस तरी काय?

उत्तर धाड. माया आहेच.
आर्डिसताई

राजधानी, १६ फेब्रुवारी

ती. ताईस, व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

लोर्नाचं वाचलं, फार वाईट झालं. पण ताई, निधी गाड्यांच्या संख्येवर ठरतो आणि आपल्या रस्त्यावर गाड्या कमी आहेत. बाह्यवळणाला मत देईन असा शब्द मी सभापतींना दिलाय. ते म्हणतात, तुमचं पुढच्या वर्षी बघू.

रागावू नकोस. भावोजींचा गुडघा कसा आहे?
तुझा व्हर्लिन

ऑस्टरडाल, २० फेब्रुवारी

चि. व्हर्लिन, आशीर्वाद.

रागावू नकोस म्हणे! गाड्या कमी का, ते आधी विचार. लोर्नाची आई त्या रस्त्याला भिऊन खडीच्या रस्त्याने अठरा मैलांचा फेरा घालते. अर्धं गाव तसंच जातं. माणसं भिऊन रस्ता सोडतात, मग तुम्ही मोजायला येता आणि म्हणता, गाड्याच नाहीत!

सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवते. रोज सकाळी चाळीस मुलं घेऊन डावीकडे वळण्यासाठी, समोरून येणाऱ्या गाड्या जाईपर्यंत, भर रस्त्यात थांबते. मागून ट्रक येत असतो. मुलांना कळू नये म्हणून गाणं म्हणते. सोमवारी ये आणि पहिल्या बाकावर बस. नाही आलास तर ईस्टरला तुझं पान मांडणार नाही.

गुडघा ठीक आहे.
ताई

राजधानी, १९ मार्च

ती. ताईस सा. न.

त्या सोमवारी तुझ्या बसमध्ये मी सगळा वेळ पुढची दांडी धरून बसलो होतो, ते तुला दिसू दिलं नाही. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा तू कडवं चुकली नाहीस, पण मागची मुलं गप्प झाली. त्यांना सगळं कळतं, ताई.

परवा समितीत मी हेच सांगितलं. सभापती म्हणाले, तू शब्द दिला होतास. मी म्हटलं, दिला होता, आज मोडतो. एका मताच्या फरकाने आपल्या रस्त्याचे अकरा मैल चौपदरी करायला मंजुरी मिळाली. काल त्यांनी मला समितीवरून काढलं.

तुझी शाबासकी मिळाली तर बरं वाटेल.
व्हर्लिन

ऑस्टरडाल, २३ मार्च

चि. व्हर्लिन, अनेक आशीर्वाद.

बेचाळीसातले अकरा! उरलेल्या एकतीस मैलांवर काय माणसं राहत नाहीत? आणि खरं बोललास म्हणून तुला काढतात, लाज कशी वाटत नाही त्यांना!

तुझं पत्र लोर्नाच्या आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं की, लोर्ना गेली ती जागा त्या अकरात येते का. नाही येत. मला ते तिला सांगावं लागलं.

म्हणून शाबासकी आत्ता नाही. सह्यांचे नवे कागद छापलेत आणि एक गठ्ठा तुला टपालाने पाठवलाय. आमचे उरलेले मैल आधी करा म्हणून बाह्यवळणाशेजारी राहणाऱ्यांच्याच सह्या आण. दारोदार जा, आता वेळ आहे तुला.

तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच काम सांगते.
ताई