पहिल्या गाडीच्या नशिबी खडी

ता. ३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं, आपण पहिल्या नंबरावर आहोत! अर्धी रॅली संपली आणि ताई नऊ सेकंदांनी पुढे आहे. गाडी ती हाकते, शेजारी बसून वळणं मी ओरडते, त्यामुळे घसा बसलाय तो माझा. सात वर्षं त्या मिशीवाल्या चॅम्पियनच्या मागे दुसऱ्या नंबरावर काढली गं तिने. ह्या वेळी नाही जमलं तर हेल्मेट कायमचं माळ्यावर टाकणार म्हणते.

आणि बक्षीस काय, तर उरलेल्या टप्प्यांवर रविवारी सगळ्यांत आधी आम्ही सुटायचं! म्हणजे सैल खडी आम्ही झाडायची आणि मागून त्या मिशीवाल्याने स्वच्छ रस्त्यावरून भुर्रकन यायचं. हा कुठला न्याय? वेळ नोंदवणाऱ्यांची मुख्य तूच. क्रम उलटा करायला सांग ना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, धाकटी

ता. ६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

क्रम उलटा होणार नाही. टेबलामागे बसले की मी कुणाची आत्या नाही. आणि इतकी वर्षं त्याने झाडलेल्या रस्त्यावरून आलात, तेव्हा बरा न्याय आठवला नाही!

मला धास्ती वेगळीच आहे. आपलं घराणं म्हणजे हॉलचं कुलूप उघडायच्या आधी लग्नाला हजर. सुटण्याआधी वेळ नोंदवायच्या टेबलाशी ठरल्यापेक्षा मिनिटभर लवकर आलात तर अख्ख्या मिनिटाचा दंड. उशीर झाला तर मिनिटामागे दहाच सेकंद, फक्त मागच्या गाडीला आधी सोडतात. नियमपुस्तक, पान चौदा. सगळ्यांना वाटून दिलंय, वाचत कुणी नाही. तेव्हा घाई नको.

दोघी नीट जेवून निघा.
तुमची, आत्या

ता. ११

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पान चौदा तोंडपाठ झालं! टेबलाच्या अलीकडे गाडीत तीन मिनिटं मुद्दाम बसून राहिलो. आपल्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल. ताईने हात मांडीखाली दाबून धरले होते आणि मी रडायच्या बेतात होते. मिशीवाला हात हलवत खुशीत पुढे गेला. तू मख्ख चेहऱ्याने तीस सेकंद दंड लिहिलास, म्हणजे आम्ही एकवीसने मागे. पण दिवसभर खडी त्याने झाडली आणि आम्ही चोवीस सेकंद भरून काढले. तीन सेकंदांनी जिंकलो, आत्या, तीन! ताई हेल्मेट घालूनच जेवली.

मिशीवाला आता भेटेल त्याला सांगतोय, पुढच्यावर फार अन्याय होतो, क्रम उलटा हवा. मी म्हटलं, मीही आत्याला हेच लिहिलं होतं. तर त्याने तुझा पत्ता मागितलाय. देऊ का?

रागावली असलीस तरी लोभ ठेव.
तुझी, धाकटी