काउंटीच्या नव्या कॉरोनरबाईंना

तबूक, सौदी अरेबिया
शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

ईशा,

आशीर्वाद. तू मागितलेले नाहीस, पण देण्यावर बंदी नाही. मी बरी आहे. गुडघे सोडून सगळं जागेवर आहे. इथे थंडी सुरू झाली. सकाळी ड्यूटीच्या बसमध्ये नर्सेस शाली गुंडाळून बसतात. स्वानंद पुण्यात ठीक आहे. तो आपल्या ताईशी बोलतो, म्हणजे ते तुला माझ्याआधी कळत असणार.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, त्याचं कारण साधं आहे. घरचा पत्ता माझ्याकडे नाही आणि माझा फोन तू अकरा वर्षं उचललेला नाहीस. पण निवडून आलेल्या अधिकाऱ्यांची यादी तुमची काउंटी जाहीर करते, पत्त्यासकट. काल ती आली. सातवं नाव तुझं. कॉरोनर, विलो फोर्क काउंटी, मोंटाना. अभिनंदन.

पत्र शेवटपर्यंत वाच. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगून झाली की माझं काम झालं.

तू उभी राहिलीस हे मला सप्टेंबरात कळलं. स्वानंदने नुसती लिंक पाठवली, खाली एक अक्षर नाही. उघडून पाहते तर तुझा फोटो. केस कापलेस. बरे दिसतात.

तेव्हापासून तुमची काउंटी मी पाठ केली आहे. आख्ख्या सांगली जिल्ह्याएवढी जमीन आणि आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं. मतदान केंद्रं पाच. खजिनदार बाई सव्वीस वर्षं बिनविरोध, यंदाही बिनविरोध. शेरीफही बिनविरोध. तीन कमिशनरांपैकी एकाची जागा होती, तिथे दोन सख्खे चुलतभाऊ समोरासमोर. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आणि कॉरोनर, म्हणजे कोण कशाने मेलं ते ठरवणारा माणूस, तोही तुम्ही लोक मतं देऊन निवडता! माझा विश्वास बसेना. डॉक्टर असावा लागत नाही? लागत नाही. तुझ्या विरुद्धचे गृहस्थ वीस वर्षं कॉरोनर आणि गावातलं अंत्यविधीचं दुकानही त्यांचंच. मृत्यूचा दाखला देणारा तोच आणि पेटी विकणाराही तोच. चांगला माणूस असेलही. पण मी तिथे मतदार असते तरी तुलाच मत दिलं असतं, मुलगी म्हणून नव्हे.

तुमची मतपेटी रात्री आठला बंद होते, तेव्हा इथे सकाळचे सहा. बुधवारी त्या वेळी मी बसमध्ये होते. उमामा शेजारी. ती आमच्या लॅबमध्ये आहे, रत्नागिरीची, तिशीची, आणि तोंडाला तिच्या झाकण नाही. मी दर दोन मिनिटांनी फोन उघडते हे तिने पाहिलं.

"म्याडम, कोणाचा मेसेज येतोय एवढा? हेडमॅट्रनला शोभत नाय हां."

"निकाल बघते आहे. माझी मुलगी उभी आहे."

"अमेरिकेत? कसली, सरपंच?"

मी समजावून सांगितलं. तिने डोळे मोठे केले. "म्हणजे मयतांची सरपंच! त्यांची मतं नाय ना घेत?"

पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या इतकी ती हसली. मीही हसले, हे लिहून ठेवते, कारण कोणी साक्षीला विचारलं तर उमामा सांगेलच.

पोस्टाच्या मतांमध्ये तू सदतीसने मागे होतीस. सकाळी आठ वाजता दोन केंद्रं आली, तरी मागेच. राउंडला गेले. एका नर्सला, सलाइन चुकीच्या हाताला लावलं म्हणून, जरा जास्तच बोलले. नंतर तिची माफी मागितली. दहा वाजता शेवटचं केंद्र आलं, शाळेच्या जिममधलं, गावापासून सत्तर मैलांवरचं. तिथे तू एकशे चारने पुढे. एकूण एकोणीस मतांनी निवडून. मी स्टाफरूममध्ये एकटी होते. चहा ओतून घेतला आणि तसाच ठेवला.

त्या सत्तर मैलांवरच्या लोकांनी तुला का मतं दिली ते मला कळलं आहे, असं वाटतं. तुझं निवेदन मी वाचलं होतं. तीन ओळी. कोणाला नावं ठेवलेली नाहीत, मोठी आश्वासनं नाहीत. शेवटची ओळ अशी होती: घरातलं माणूस गेलं तर घरच्यांना ते त्याच तासात कळेल, दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून, कितीही लांब राहत असले तरी.

ते वाचून मी फोन उलटा ठेवला. ती ओळ कुठून आली, ते त्या काउंटीत कोणालाच माहीत नसेल. मला माहीत आहे.

आता माझ्या कामाबद्दल. तुला ते ठाऊक नसेल. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मी वॉर्डाबरोबर आणखी एक काम मागून घेतलं. आपल्याकडचं कोणी हॉस्पिटलात वारलं की कागद मी बघते. कफीलचं, म्हणजे इथल्या मालकाचं, पत्र, पोलिसांचा कागद, दूतावासाचा, घरच्यांची संमती. आणि घरी फोन. कोकणातली पुष्कळ माणसं असतात इथे. बांधकामावर, शेतांवर, दुकानांत.

या फोनची एक रीत आहे. सगळे पाळतात. पहिल्या दिवशी सांगायचं, तब्येत जरा नरम आहे. दुसऱ्या दिवशी, आयसीयूत आहेत, दुआ करा. मग घरातला एखादा जाणता पुरुष गाठायचा, त्याला खरं सांगायचं, आणि त्याने बायकांना सांगायचं, जमेल तेव्हा. मीही दहा वर्षं हेच केलं. लोक मला समजूतदार म्हणतात.

या मंगळवारी हुसेनमियाँ म्हणून एक गवंडी वारले. मंडणगडकडचे, वय छप्पन्न. कामावर छातीत दुखलं, आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. त्यांच्या कंपनीचा नौशाद आला, तोही कोकणातलाच, खेडचा. असे फोन तोच लावतो. तो म्हणाला, "म्याडम, आयसीयूत हायत एवढंच सांगतो. शुक्रवारी त्यांच्या मुन्नीचा निकाह हाय. शनिवारी खबर देऊ."

"चार दिवस ती मुलगी दुआ मागत बसणार?"

"मागूंदे की. दुआ काय वाया जात नाय."

 त्याचं मन वाईट नव्हतं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि नंबर लावला. मुन्नीनेच उचलला. मागे बायकांचा आवाज, भांड्यांचा आवाज. मी माझं नाव सांगितलं, ती कोणापाशी आहे ते विचारलं, तिला खाली बसायला सांगितलं. मग म्हटलं, "तुझे अब्बा वारले, बेटा. आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. मी त्यांच्याजवळ उभी आहे."

 मग तिने विचारलं, "खरंच जवळ हाव?"

"हो."

"तोंड दाखवा."

दाखवलं. नौशाद बाहेर निघून गेला.

लग्न पुढे ढकललं. नवऱ्याकडचे नाराज आहेत, तिचे काका माझ्यावर चिडले आहेत. नौशादने गुरुवारी मला ऐकवलं, "तुमच्यापायी लगीन मोडलं तर? तुमचं काय जातंय?" तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मोडेलही. मला माहीत नाही. दफन इथेच झालं, त्याच्या वेळेला तिकडे घरात सगळे जमले होते, एवढं कळलं.

काल, निकाह व्हायचा त्या दिवशी, मुन्नीचा आवाज रेकॉर्ड करून आला. तुला तसाच लिहिते. "म्याडम, चाचा काय बोलले असतील तर मनावर घेऊ नका. तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज मेहंदी लावून हसत बसले असते. ते फोटो जन्मभर घरात राहिले असते. मला ते बघवले नसते."

मी तो संदेश दोनदा ऐकला. मग कपाटातून बाबांचा जुना फोन काढला आणि चार्जिंगला लावला. त्यातला शेवटचा फोटो तुझा आहे. परीक्षाकेंद्राच्या बाहेर, लाल कोट, अंगठा वर केलेला. खाली लिहिलंय, 'बाबा, संपलं एकदाचं! उठलात की फोन करा.'

तो आला तेव्हा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि मी सांगलीत स्मशानातून घरी परतत होते.

इतकी वर्षं मी सगळ्यांना, आणि स्वतःलाही, सांगत आले की तुझी नर्सिंगची परीक्षा होती, व्हिसा त्यावर अवलंबून होता, म्हणून थांबले. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. तुला कळलं असतं तर तू आली असतीस, आणि आलीस तर परत जाणार नाहीस, असं मला वाटलं. म्हणून मी ठरवलं. वॉर्डात आयुष्यभर ठरवत आले तसंच. पेशंटला विचारलं नाही. स्वानंदला गप्प राहायची शपथ घातली. तो एकोणीस वर्षांचा होता, त्याने एकट्याने अग्नी दिला आणि तो तुझ्याशी फोनवर खोटं बोलला, माझ्या सांगण्यावरून. त्याला दोष देऊ नकोस.

त्या आठवड्यात तू मला दोनदा फोन केला होतास. बुधवारी आणि गुरुवारी. दोन्ही वेळा म्हणालीस, "बाबा फोन का उचलत नाहीत? पाया पडते म्हणावं त्यांना." गुरुवारी मी दम्मामच्या विमानतळावर कार्गोच्या खिडकीशी उभी होते, त्यांच्याच कागदांवर सही करत. मी म्हटलं, "शिफ्टवर आहेत." आवाजही नीट होता माझा.

शनिवारी, सगळं उरकल्यावर, मी तुला फोनवर कळवलं; त्यानंतर तू कधी काही विचारलं नाहीस आणि मीही जास्त सांगितलं नाही. तू रागाने फोन ठेवलास तेव्हा मला वाटलं, तापट आहे, निवळेल. तुला काय काय माहीत नाही याचा मी कधी विचारच केला नाही. मंगळवारी मुन्नीने आधी वेळ ऐकली, मग जवळ कोण आहे ते विचारलं, मग तोंड मागितलं. तुला यातलं एकही मिळालं नाही. तोंड आता मी दाखवू शकत नाही. बाकीचं सांगते.

बाबा रास अल खैरच्या पाण्याच्या प्लांटवर होते, हे तुला माहीत आहे. त्या सकाळी कॅम्पात उठले, दाढी केली, खोलीबाहेरच्या बाकावर बूट घालायला बसले. एक बूट घातला होता. शेजारच्या खोलीतले रत्नाकर त्यांच्याजवळ होते; त्यांनी डोकं मांडीवर घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. त्रास फार वेळ झाला नाही, हे मी नर्स म्हणून सांगते, आई म्हणून नव्हे. रत्नाकरांनी मला सरळ फोन केला. नरम नाही, आयसीयू नाही. "वहिनी, विजय गेला." मला पंचवीस मिनिटांत कळलं. तुला सहा दिवस लागले, आणि ते मी लावले.

माझं चुकलं. हे वाक्य मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही, म्हणून जास्त लांबवत नाही.

मार्चमध्ये माझा करार संपतो, मग सांगलीला जाईन. आता तू मला त्या बुधवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

ईशा, तुझे बाबा गेले. रविवार, १ डिसेंबर २०१३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. ते एकटे नव्हते.

खबर द्यायला उशीर केलेली,
आई