सभासदांच्या जेवणाची चौकशी

पूर्णगड,
१२ फेब्रुवारी १९८५

ती. आप्पामामांस महिपतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा चाळीचे जिने चढू देतो की अजून रुसलेलाच, ते कळवावे. मामींना नमस्कार. इकडे मोहोर बरा आहे, प्रकृती ठीक. फक्त गेले चार दिवस मी घरात जरा कमी बोलतो. त्याचं कारण सविस्तर लिहितो.

आमचे जिल्हा परिषदेचे सभासद भागोजीराव गेल्या वर्षी तीनदा गावात आले, मासे वाळवायच्या ओट्याची जागा बघायला. (ओटा झालेला नाही. जागा मात्र बघून बघून झिजली.) तिन्ही वेळा मुक्काम आमच्याकडे. जेवायला सरंगा मासा, निजायला माझी खाट. पाहुण्याकडून पैसा घेणं आमच्या घराण्यात नाही, हे मी गावभर सांगून ठेवलेलं. त्यावर शेजारचा रमजान होडीवाला म्हणाला, "अरे, पण सरकार त्यांना भत्ता देतं ना? जेवले तुझ्याकडे, मग भत्ता गेला कुठे?"

मामा, घशात काटा अडकावा तसा तो प्रश्न अडकला. राग नव्हता हो, नुसती उत्सुकता. सभासद दिवसाला किती रुपयांचं जेवतो असं सरकार धरतं? जीप किती धावली ते कोण मोजतं? शेवटी शुक्रवारी रमजानला घेऊन रत्नागिरीची एस.टी. धरली.

कचेरीतला कारकून म्हणाला, "बिलं गोपनीय असतात."

मी म्हटलं, "मी मतदार आहे."

"मग मत द्या. बिलं कशाला मागता?"

आवाज चढले, आणि नेमके भागोजीराव आत आले. आता हाकलतात म्हणून मी चपला शोधू लागलो. तर ते खुर्ची ओढून बसले नि कारकुनाला म्हणाले, "फाईल आण आणि मोठ्याने वाच. मी काय खाल्लं ते वाढणाऱ्याला कळू नये?"

वाचन सुरू झालं. जीपचा हिशोब चोख. पुढे: "मुक्काम व जेवण, महिपत यांचे घरी, रुपये तीस. पोच जोडली आहे." असे तीन मुक्काम, तीन पोचपावत्या, आणि प्रत्येकीवर सही सौ. सखूची! आपल्या सखूची! (सही तिला मीच शिकवली, लग्नानंतर, पाटीवर. अक्षर वळणदार आहे.)

रमजान छताकडे बघत राहिला. भागोजीरावच ओशाळले. "वहिनी नकोच म्हणत होत्या. पण फुकट जेवून भत्ता उचलायचा, हे मला जमेना. तुम्हांला ठाऊक असेल असं वाटलं."

घरी येऊन विचारलं, तर सखू विळीवरून न उठता म्हणाली, "सरंगा काय खडकावर उगवतो? पाहुणचार तुम्ही केलात, बाजार मी केला. आणि तुम्ही विचारलंत कधी?"

खरंच विचारलं नव्हतं. रत्नागिरीला जाऊन विचारलं, स्वयंपाकघरात नाही.

आता भागोजीराव येत्या रविवारी शाळेत आपली सगळी बिलं गावासमोर वाचणार आहेत. पहिला विचारणारा म्हणून अध्यक्ष मी. हसावं की लाजावं कळत नाही, पण टोपी धुवायला टाकली आहे.

आपला आज्ञाधारक,
महिपत

ता. क. सखू म्हणते, सभासदांनंतर नवऱ्यांची पाळी. दिवाळीआधी मी कोर्टाच्या कामाला मुंबईत तुमच्याकडे चार दिवस होतो, त्याचा खर्च ती तुम्हांला कार्ड टाकून विचारणार आहे. काम एका दिवसात उरकलं हे कृपा करून लिहू नये. तीन दिवस साहेब रजेवर होते असं लिहावं.

ता. क. २. तीन नाटकांची तिकिटं दोन-दोन होती, एक माझं नि एक तुमचं, हे मामींना मी अजून कळवलेलं नाही.