पाणी तुम्ही टाकलं होतं

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. पंचवीस वर्षांच्या संसारात ‘अहो’ आणि ‘ऐकलं का’ यापलीकडे मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आता तुम्ही गेल्यावर प्रिय कुठून आणू?

तुमची पिकअप सुरू झाली, हे सांगायला लिहिते आहे. आठ वर्षं गोठ्याजवळ कडुनिंबाखाली उभी होती ना, तीच. काल दसऱ्याला आशूनं ती चालवली, मी शेजारी बसले, आणि आम्ही दोघी थेट तुमच्या दादांच्या दारात गेलो. तिथं मी काय केलं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगते. रागवायचं असेल तर रागवा. मला पश्चात्ताप नाही.

तुमच्या तेरवीपासून सांगते. पंगत बसली होती. तुमचे दादा वाढप्यांवर नजर ठेवत मधोमध उभे होते, हात मागे बांधून, नेहमीसारखे. मी वरण घेऊन निघाले तर सगळ्यांदेखत मला म्हणाले, “आशूची माय, ते डबडं आता भंगारात दे. कोरडा डायव्हर तं गेला, त्याची गाडी कायले ठेवतं?”

आणि लोक हसले हो! तोंडात तुमच्या तेरवीचा घास होता आणि हसले. पंगतीत कुणी परकं नव्हतं. ढाणकीच्या बाजारात ज्यांचा कापूस, तूर तुम्ही वर्षानुवर्षं वाहिली, तीच माणसं होती.

मी वरण वाढून परत आले. डोक्यावरचा पदर नीट केला. भासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, मान वर करायची नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं आणि ते मी पंचवीस वर्षं पाळलं. पण त्या दिवशी चुलीपुढे बसून मी ठरवलं, की ही गाडी यांच्या दारासमोरून न्यायची. मागं धूर सोडत न्यायची. लोक म्हणतात नवऱ्याची आठवण म्हणून बाईनं गाडी दुरुस्त केली. कसली आठवण! मला सूड घ्यायचा होता.

आशूला तुम्ही पुसदच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिकला घातलं तेव्हा सगळ्यात जास्त मीच बोलले होते, आठवतं? पोरगी ग्रीसमध्ये हात घालणार, लग्न कोण करील, अन् काय काय. आता कबूल करते, तुमचं बरोबर होतं. ती पुसदला एका गॅरेजात कामाला आहे. दर सुट्टीला घरी यायची, सलवारवर तुमचा जुना शर्ट चढवायची आणि गाडीखाली शिरायची. बाहेर फक्त पाय दिसायचे.

गाडीची अवस्था काय सांगू! सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. कोंबड्या स्टेअरिंगखाली अंडी घालायच्या, मला रोज तिथून गोळा करावी लागत. मागच्या डाल्याचा, माल भरतात त्या हौद्याचा, पत्रा इतका सडला होता की पाय ठेवला तर खालची माती दिसे. आणि इंजिन तर जामच. आशू म्हणाली, आधी पिस्टन सुटले पाहिजेत, सिलिंडरात डिझेल ओतून ठेवायचं आणि वाट पाहायची. तेव्हापासून रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की मी सिलिंडरांत वाटीनं डिझेल घालत होते. शेजारची इंदू कुंपणावरून म्हणे, “काकू, हे कोणतं वरत व्हय वं?” मी म्हटलं, “व्हय, वरतच हाय. उद्यापन बाकी हाय.”

एकविसाव्या दिवशी इंजिन हललं. आशूनं लांब पान्यानं जोर लावला, कर्रर्र वाजलं आणि बोटभर फिरलं. मी गाडीला नमस्कार केला नाही. मी तुमच्या दादांच्या घराकडे पाहिलं.

मग कडुनिंबाच्या फांदीला चेन पुली बांधून इंजिन वर काढायचं होतं. त्याआधी पाण्याचे पाइप सोडवायचे. वरचा निघाला. खालचा, रेडिएटरमधून इंजिनाकडे थंड पाणी नेतो तो, काही केल्या निघेना. आशूनं ब्लेडनं उभा कापला. कापता कापता थांबली.

“आई, इकडे ये. याच्यात बोळा हाय.”

पाइपात मुठीएवढा बोळा गच्च बसला होता. गंजाच्या पाण्यानं काळा झालेला, वर चिंधी गुंडाळलेली. आशूनं चिमट्यानं चिंधी सोडली तर आत कापूस. सरकीसकट. घरच्या शेतातला.

“याच्यातून पाणी जाईन तरी कसं?” आशू म्हणाली. “बाबानं रेडिएटर गळ्यापर्यंत भरलं असतं तरी इंजिन तापलंच असतं. अन् तो टेम्परेचरचा काटा तं मेलाच होता.”

मी खाली बसले. चिंधी तिच्या हातातून घेतली, परातीतल्या पाण्यात चोळली. तुमच्या दादांच्या हिरव्या काठाच्या दुपट्ट्याची होती. तो दुपट्टा एकत्र होतो तेव्हा दर दोन दिवसांनी मी धुतला आहे. मला तो ओळखू येणार नाही?

आणि मग सगळं आठवलं. आठ वर्षांपूर्वीचा खांडेनवमीचा दिवस. पेरणीच्या तिफणीच्या नळ्यांची तोंडं पूजेच्या रात्री उघडी ठेवायची नाहीत, पहिल्या वेचणीचा कापूस त्यांत कोंबायचा आणि दसऱ्याला सकाळी काढायचा, ही तुमच्या घरची रीत. दुसऱ्या कुणाच्या घरी मी हे पाहिलं नाही. पूजा थोरल्यानं करायची, अवजाराला हातही त्यानंच लावायचा. त्या दिवशी तुमचे दादा उमरखेडहून गाडीचा नवा पाइप घेऊन आले होते आणि स्वतःच बसवत होते. एक बाजू बसली, तेवढ्यात पूजेची वेळ झाली. पाइपाचं दुसरं तोंड उघडं! मला हाक मारली, “कापूस आण वं सुपातला!”

मी आणला. अहो, मीच आणला. सुपातून मूठभर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दुपट्ट्याची किनार फाडून त्यावर गुंडाळली, कारण सुटा कापूस पाइपात ठरत नव्हता. दसऱ्याला सकाळी तिफणीतले बोळे काढले. गाडीतला राहिला. घाईघाईनं पाइपाची दुसरी बाजू बसवली, हार घातला, लिंबू चिरडलं, गाडी पारापर्यंत नेऊन आणली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कापूस भरून निघालात.

ढाणकीच्या अलीकडच्या चढावर इंजिनातून वाफ निघाली आणि गाडी जागेवर बसली. तुम्ही ओरडून सांगत होतात, “म्या पाणी टाकलं होतं! दोन डबे टाकले होते!” तुमचे दादा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून तिथं आले, रेडिएटरचं झाकण काढलं, आत कोरडं ठणठणीत. उकळून सांडलं होतं सगळं. पण कोरडं ते कोरडं. तिथंच दहा माणसांत त्यांनी तुमचं ‘कोरडा डायव्हर’ नाव ठेवलं.

तुम्ही म्हणाला होतात, एकदा खोलून पाहू. ते म्हणाले, “मेलेल्याचं पोट कायले फाडतं आता?” आणि तुम्ही गप्प बसलात! का? थोरला म्हणाला म्हणून? तुमच्या हाताशी पाना होता, दहा मिनिटांचं काम होतं. एवढा कसला मोठेपणा त्यांचा, आणि एवढा कसला धाकटेपणा तुमचा? तुमच्या या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. माणूस मेला म्हणून त्याच्यावरचा राग जातो असं थोडंच आहे.

पुढचं मी लिहिते, कारण तुम्ही कधी बोलला नाहीत. दादांनी नवी गाडी घेतली, स्टेअरिंगवर त्यांचा पोरगा बसला, आणि तुम्ही मागच्या डाल्यात गठ्ठ्यांवर. ज्या रस्त्यावर तुम्ही वीस वर्षं गाडी चालवली, त्याच रस्त्यावर पोती उतरवायला. बाजारातली पोरं ओरडायची, “काका, पाणी टाकलं का?” तुम्ही हसायचात. ते हसणं मला सगळ्यात जास्त खुपतं.

तर कालचं. गाडीला पांढरा रंग दिला आहे, डाला नवा केला आहे, इंजिनाचं हेड पुसदला लेथवर घासून आणलं आहे. एका सेल्फमध्ये सुरू झाली. संध्याकाळी तुमच्या दादांच्या ओसरीवर अर्धं गाव सोनं द्यायला जमलं होतं. आशूनं गाडी अगदी पायरीला लावली. मी उतरले. पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला. जाऊबाई बघतच राहिल्या.

दादांनी सोन्यासाठी हात पुढे केला. त्यांना वाटलं, आली शेवटी पाया पडायला. मी पिशवीतून बोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“हे काय व्हय?”

“तुमचंच सोनं व्हय, भाऊजी. आठ वर्सं आमच्या पाइपात ठेवलं होतं तुमी. वापस करून राह्यली.”

त्यांनी तो उलटा केला. किनार दिसली. हात खाली घ्यावा की वर ठेवावा, कळेना त्यांना. जाऊबाई म्हणाल्या, “सणाच्या दिवशी असं नोको करू वं, कमल.”

दादा हळूच म्हणाले, “आतमंदी ये. आत बोलू.”

“बाजारात बोलले तवा कुठं आतमंदी बोलावलं होतं? इथंच बोला.”

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी त्याचीच तयारी करून गेले होते. वर्षभर चुलीपुढे एकेक शब्द घोकला होता. पण ते म्हणाले, “मले मालूम होतं.”

अहो, त्यांना माहीत होतं! त्यांनीच सांगितलं, पुढच्या खांडेनवमीला तिफणीच्या नळ्यांत कापूस कोंबताना त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा तुम्ही तिथंच होतात, हळदीकुंकवाचं ताट धरून उभे. ते तुमच्याकडे पाहून गप्प राहिले. नंतर सात वर्षं गप्प राहिले. तुमच्या तिरडीला खांदा दिला तेव्हाही गप्प. आणि तेरवीला तर तोंड उघडून काय बोलले, ते वर लिहिलंच आहे.

मी विचारलं, “मंग काहून नाही बोलले?”

“मोठा होतो,” ते म्हणाले. “लहान्यासमोर कसं बोलू?”

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. लोक माझ्याकडे बघत होते, आता ही विरघळेल म्हणून. मी विरघळले नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, जाऊ दे कमल, थोरले आहेत. म्हणूनच तुम्ही नसताना गेले.

पण रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल. त्या दिवशी तुम्ही चालत घरी आलात, मी हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि पहिलं काय म्हटलं? “पाणी टाकायले काय झालं होतं तुमाले?” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. दुसऱ्यांदा ‘टाकलं होतं’ म्हणाला नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाला नाहीत, कुणालाच. मला वाटलं, चूक कबूल झाली. आता कळतं, घरातच कुणी विश्वास ठेवेना म्हटल्यावर बाहेर कशाला सांगायचं, असं झालं असेल ना? सांगा ना!

दादांना मी कालच सांगून आले आहे. ओसरीवरच्या वीस माणसांत बोललं म्हणजे फिटलं नाही. येत्या बाजाराला गाडी ढाणकीला जाणार आहे, तुमच्या जुन्या रस्त्यानं. चालवणार आशू. दादा पुढं बसणार नाहीत, मागं डाल्यात बसतील, तुम्ही बसायचात तिथं. जिथं जिथं त्यांनी त्या नावानं तुम्हाला हिणवलं, त्या प्रत्येक थांब्यावर उतरतील आणि आपल्या तोंडानं सांगतील की पाणी माझ्या भावानं टाकलं होतं, बोळा माझा होता. त्यांनी मान हलवली आहे. मान हलवण्यावर माझा विश्वास नाही. आले नाहीत तर प्रत्येक थांब्यावर मीच उतरेन, आणि माझं बोलणं त्यांच्यापेक्षा कडक असेल, हेही त्यांना सांगितलं आहे.

त्यांना माफ करायचं की नाही ते मला विचारू नका. तो विचार मी करणार नाही.

आणि हा माझा शब्द घ्या. त्या चढावर, जिथं गाडी बसली होती, तिथं गाडी थांबेल. तिथं दादा आधी उतरणार नाहीत. पहिली मी उतरेन, माझ्या लेकीसमोर, त्यांच्यासमोर, रस्त्यानं जाणारे असतील त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणेन, की यांनी सांगितलं होतं आणि मी यांच्या बायकोनं मानलं नाही.

तुमची,
कमल